बोंडूवरचं रानटी यीस्ट पकडून त्याच्याकडून इथेनॉल कसं करून घ्यायचं

मार्च ते मे कोकणातल्या कुठल्याही काजूच्या बागेत जा, बी पिरगळून काढून घेतलेली असते आणि बोंडू झाडाखालीच टाकलेले असतात. बीच्या आठ-दहा पट वजनाचं फळ, रसाला दहा-बारा ब्रिक्सची (म्हणजे साधारण दहा-बारा टक्के साखरेची) गोडी, आणि त्यातलं बहुतेक सगळं तिथंच कुजून जातं. गोव्यात याच रसाची फेणी होते आणि पारंपरिक पद्धतीत बाहेरून कोणी यीस्ट टाकत नाही, फळावर बसलेलं यीस्टच रस आंबवतं आणि मग तो भाटीवर चढतो. म्हणजे साखर पण झाडाखाली आहे आणि साखरेचं अल्कोहोल करणारा जीव पण तिथंच आहे. तो जीव पकडायचा कसा, वेगळा कसा करायचा आणि इंधनाच्या इथेनॉलसाठी तो खरंच कामाचा आहे का हे कसं ठरवायचं, ते इथं सविस्तर लिहितोय. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला पुरेल आणि साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये होईल असं आहे. बोंडूच्या जागी जांभूळ, करवंद, बोर, उंबर, मोहाची फुलं, शिंदीची नीरा काहीही घ्या, पद्धत तीच राहते.

कायद्याचं आधी सांगतो कारण ते शेवटी सांगून उपयोग नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ खाली परवान्याशिवाय दारू गाळणं तर गुन्हा आहेच, गाळण्यासाठी आंबवलेलं रसायन जवळ ठेवणं पण गुन्हा आहे. त्यामुळे हे घरच्या किचनमध्ये किंवा शेतातल्या शेडमध्ये करायचं काम नाही, कॉलेज किंवा संस्थेच्या लॅबमध्ये, गाइडच्या आणि प्राचार्यांच्या लेखी परवानगीने करायचं, आणि लॅबच्या अल्कोहोल परमिटची कॉपी फाईलला लावून ठेवायची. आणि यातलं काहीही, अगदी थेंबभर सुद्धा, चाखायचं नाही. रानातून आलेल्या यीस्टमध्ये पिचिया कुद्रियावझेवी हमखास सापडतं, ज्याला हॉस्पिटलवाले कँडिडा क्रुसी म्हणून ओळखतात आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला ते त्रास देऊ शकतं. शिवाय फळातल्या पेक्टिनपासून मिथेनॉल सुटतं, ते थोडं असलं तरी गाळताना कुठे जमा होईल त्याचा नेम नाही.

आता मुद्द्याचं. बहुतेक प्रोजेक्ट एकाच ठिकाणी घसरतात, फ्लास्कला फेस आला, बुडबुडे आले की लिहून टाकतात की यीस्ट चांगलं इथेनॉल देतंय. बुडबुडे हा कार्बन डायऑक्साइड आहे, तो बऱ्याच जिवांकडून येतो, काही बॅक्टेरियांकडून पण येतो. आणि ताज्या फळाच्या रसात पहिल्या दिवशी जोरात फेस आणणारं यीस्ट सहसा आपल्याला हवं ते नसतंच. ते असतं हॅन्सेनियास्पोरा, लिंबाच्या आकाराचं, फळावर भरपूर असतं, चटकन वाढतं आणि रसात चार-सहा टक्के अल्कोहोल झालं की मरायला लागतं. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, म्हणजे डिस्टिलरी आणि बेकरीतलं यीस्ट, फळावर जवळजवळ नसतंच. रॉबर्ट मॉर्टिमर आणि मारिओ पोल्सिनेल्ली यांनी १९९९ मध्ये द्राक्षांवर हे दाखवून दिलं, न फुटलेल्या हजार मण्यांमागे एखाद्यावरच ते सापडतं, पण फुटलेल्या मण्यांत साधारण चारात एकावर. म्हणजे ते फळावर वाट बघत बसलेलं नसतं, फळ फुटल्यावर किडे ते आणून सोडतात. इटलीतल्या संशोधकांनी २०१२ मध्ये गांधीलमाशीच्या आतड्यात ते हिवाळाभर टिकून राहतं हे दाखवलं.

यातून फळ कसं निवडायचं ते आपोआप ठरतं. स्वच्छ, चकचकीत, बाजारातलं फळ नको. झाडाखाली पडून फुटलेलं, ज्यावर चिलटं बसलीयत, मुंग्या लागल्यात, माशीने भोक पाडलंय असं बोंडू घ्या, पण काळीनिळी बुरशी आलेलं घेऊ नका. नाशिककडचे असाल आणि द्राक्षांवर काम करायचं असेल तर ज्या बागेत नुकतं बुरशीनाशक मारलंय तिथली द्राक्षं टाळा, ते औषध यीस्टला पण मारतं, त्यापेक्षा बांधावरचं जांभूळ किंवा उंबर कितीतरी बरं. झाडाखालची ओली माती आणि खोडावरून रस ओघळलेल्या जागेची साल पण चमचाभर घ्या, तिथं चांगलं यीस्ट मिळायची शक्यता फळाइतकीच असते. स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने उचलायचं, नव्या झिपलॉकच्या पिशवीत टाकायचं, धुवायचं नाही. पिशवीवर झाड कुठलं, गाव, तारीख, फळाची अवस्था हे तिथल्या तिथं लिहा, संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं की गोंधळ होतो. काजूची बी लावूनच बोंडू आणू नका, टरफलातला चीक हाताला भाजतो आणि नमुन्यात पण उतरतो. त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवायचं, नाहीतर रात्रभर फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही.

पुढची पायरी एनरिचमेंट, म्हणजे हव्या त्या यीस्टची संख्या वाढवून घेणं, आणि सगळ्या कामात सगळ्यात जास्त डोकं इथं लावा असं मी म्हणेन. फळ चुरडून सरळ प्लेटवर घासलं तर हॅन्सेनियास्पोरा आणि बुरशी एवढ्या उगवतात की आपल्याला हवी ती कॉलनी त्यात दिसतच नाही. म्हणून आधी अशी परिस्थिती तयार करायची की ज्यात नको ते मरेल आणि हवं ते उरेल. मीडियम साधं आहे, लिटरमागे ग्लुकोज १०० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५ ग्रॅम, पेप्टोन ५ ग्रॅम, सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच ४ वर आणायचा आणि बॅक्टेरिया दाबायला क्लोरॅम्फेनिकॉल १०० मिलिग्रॅम. हे अँटिबायोटिक उष्णतेला टिकतं त्यामुळे ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करण्याच्या, आधीच टाकलं तरी चालतं. १२१ डिग्रीला १५ पौंडावर १५ मिनिटं. ऑटोक्लेव्ह बिघडलेला असेल तर चांगल्या रिंगच्या प्रेशर कुकरमध्ये शिटी सुरू झाल्यावर गॅस बारीक करून अर्धा तास ठेवा, छोट्या बाटल्यांना पुरतं.

१०० मिलीची बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरा म्हणजे वर हवा कमी राहते आणि बुरशीला वाव मिळत नाही, त्यात ५ ते १० ग्रॅम चुरडलेलं फळ टाका. झाकण घट्ट लावायचं नाही हे परत परत सांगतोय, कार्बन डायऑक्साइड साठला की काचेची बाटली फुटते आणि काचा डोळ्यात जातात. कापसाचा बोळा लावा किंवा एक नळी पाण्यात सोडलेला एअरलॉक लावा. ३० डिग्रीला ठेवून द्या आणि पहिल्या दोन दिवसांच्या फेसाकडे बघून खूश होऊ नका, थांबा. पाचव्या-सातव्या दिवशी फेस ओसरेल, गाळ तळाशी बसेल. आता वरचं नाही, वर तवंग असेल तर तो तर अजिबात नाही, पिपेट खाली नेऊन तळाच्या गाळातलं १ मिली घ्यायचं आणि दुसऱ्या बाटलीत टाकायचं ज्यात तेच मीडियम आहे पण थंड झाल्यावर त्यात ६ ते ८ टक्के इथेनॉल मिसळलंय. ही दुसरी बाटली ३७ डिग्रीला ठेवा. हा दुसरा टप्पा वेळ वाचवायला लोक वगळतात आणि मग पुढं महिनाभर निरुपयोगी कॉलन्यांशी झटापट करतात. अल्कोहोल, आम्ल आणि उष्णता तिन्ही सोसून जे वाढलं तेच पुढं टाकीत टिकणार आहे.

उष्णतेवर एवढा भर का ते पण सांगतो. साखरेचं अल्कोहोल होताना उष्णता बाहेर पडते, मोठ्या टाकीत ती साठत जाते आणि डिस्टिलरीला टाकी ३२-३३ डिग्रीच्या आसपास ठेवायला सतत थंड पाणी फिरवावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात ते पाणीच कोमट असतं आणि मुळात पाण्याचीच मारामार. त्यामुळे ४० डिग्रीला नीट काम करणारं यीस्ट सापडलं तर ते अर्धा टक्का जास्त अल्कोहोल देणाऱ्या यीस्टपेक्षा मोलाचं आहे असं माझं ठाम मत आहे. रानटी यीस्ट शोधण्याचं खरं कारण हेच. नुसतं उत्पादन बघितलं तर डिस्टिलरीचं यीस्ट वर्षानुवर्षं त्यासाठीच निवडत आणलेलं आहे, त्याला तिथं हरवणं अवघड आहे, पण ऊन, आम्ल, टॅनिन असल्या गोष्टीत रानातलं यीस्ट पुढं जाऊ शकतं.

दुसऱ्या बाटलीतून दहा-दहा पट डायल्यूट करत जाऊन वायपीडी अगरवर पसरवा, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ टक्का, पेप्टोन २, डेक्स्ट्रोज २, अगर २, क्लोरॅम्फेनिकॉल तेवढंच. ४८ तासांत कॉलन्या येतात. क्रीम रंगाची, गुळगुळीत, थोडी फुगीर, ब्रेडसारखा वास असलेली कॉलनी सहसा सॅकरोमायसिसची. कोरडी, सुरकुतलेली, मळकट पांढरी बहुधा पिचिया. पण नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका, मेथिलिन ब्लूमध्ये स्लाइड करा. अंडाकृती पेशी आणि कुठूनही फुटलेले अंकुर दिसले तर आशा ठेवायची, दोन्ही टोकांना निमुळत्या लिंबासारख्या दिसल्या तर हॅन्सेनियास्पोरा, त्या सोडा. डब्ल्यूएल अगर मिळालं तर घ्याच, त्यावर हॅन्सेनियास्पोरा गडद हिरवं येतं आणि सॅकरोमायसिस क्रीम ते फिकट हिरवट, वेगळं काढायला फार सोपं जातं. प्रत्येक वेगळ्या दिसणाऱ्या कॉलनीचं कमीत कमी तीनदा परत परत स्ट्रीकिंग करून (नव्या प्लेटवर रेघा ओढून सुटी कॉलनी वेगळी करून) प्युअर कल्चर करायचं. एका पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरायची ही शिस्त कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल हॅन्सेनने १८८३ मध्ये लावली, आजही तिला शॉर्टकट नाही.

मग गाळणी लावायची. आधी डरहॅम ट्यूब, २ टक्के ग्लुकोज, २४ तासांत आतली छोटी नळी गॅसने भरली ते पुढं, बाकीचे बाद. मग उरलेल्यांना टेस्ट ट्यूबमध्ये ८, १०, १२ टक्के इथेनॉल, वेगळ्या ट्यूबमध्ये २० टक्के साखर, आणि वेगळ्या सेटला ३७, ४० आणि ४२ डिग्री. प्रत्येक सेटमध्ये एक ट्यूब दुकानात मिळणाऱ्या बेकरीच्या ड्राय यीस्टची आणि एक यीस्ट न टाकलेली असलीच पाहिजे. बेकरी यीस्टशी तुलना नसेल तर तुमच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही, कारण तुमचं ८ टक्के अल्कोहोल चांगलं की वाईट हे तेच मीडियम, तेच तापमान, तोच दिवस असलेल्या दुसऱ्या यीस्टशिवाय कळणार कसं. जमलं तर पुण्याच्या एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या कलेक्शनमधून डिस्टिलरीचा एखादा स्ट्रेन रीतसर मागवा, कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करायचा, फी भरायची. ४० डिग्रीला वाढणारं काही सापडलं तर ते क्लुव्हेरोमायसिस मार्क्सियानस किंवा वर सांगितलेलं पिचिया असायची बरीच शक्यता आहे, दोन्ही उष्णतेला चिवट म्हणून ओळखली जातात, पण अल्कोहोल सोसण्यात सहसा सॅकरोमायसिसच्या मागे पडतात, तेव्हा दोन्ही टेस्ट एकत्र बघून निवडा. नाव पक्कं करायला डीएनएच्या आयटीएस भागाचं सिक्वेन्सिंग बाहेरून करून घ्या, शेवटच्या दोन-तीन निवडलेल्यांचंच करा म्हणजे खर्च आवाक्यात राहतो.

आता खरं आंबवणं. बोंडूचा रस काढून कपड्यातून गाळा. त्यात टॅनिन भरपूर असतं, घशाला जो खवखवाट येतो तो त्याचाच, आणि जास्त टॅनिन यीस्टला पण मानवत नाही. साबुदाण्याची पेज हा चांगला उपाय आहे, किलोभर रसाला ५ ग्रॅम साबुदाणा पूड थोड्या पाण्यात शिजवून थंड करून ढवळून टाका आणि रात्रभर ठेवा, टॅनिन घेऊन गाळ खाली बसतो, वरचा निवळ रस काढून घ्या. एका फ्लास्कला टॅनिन न काढलेला रस पण ठेवा, तुमच्या यीस्टला तो चालला तर तीच मोठी बातमी आहे. पीएच ४.५ च्या आसपास, लिटरला अर्धा ग्रॅम डीएपी नायट्रोजनसाठी, आणि ८० डिग्रीला अर्धा तास गरम करून थंड. उसाची मळी वापरायची असेल तर ती पाण्याने पातळ करून साखर १५ टक्क्यांच्या आसपास आणा, दाट मळीत क्षार एवढे असतात की चांगलं यीस्ट पण गप्प बसतं.

इनॉक्युलम, म्हणजे रसात टाकायचं यीस्टचं विरजण, आदल्या दिवशी त्याच रसात तयार करा, दुसऱ्याच कशात वाढवलेलं यीस्ट नव्या रसात रुळायला वेळ घेतं. हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या स्लाइडवर) मोजून मिलीला ५० लाख ते १ कोटी जिवंत पेशी पडतील एवढं टाका. पहिले काही तास फ्लास्क हलवत ठेवायचा, यीस्टला पेशीचं आवरण बांधायला सुरुवातीला थोडा ऑक्सिजन लागतो, तो मिळाला नाही तर पुढं अल्कोहोल वाढल्यावर ते लवकर हार मानतं. त्यानंतर एअरलॉक लावून शांत ठेवा.

मोजायची सगळ्यात स्वस्त पद्धत वजनकाटा आहे आणि मला ती फार आवडते. ग्लुकोजचा एक रेणू फुटून इथेनॉलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन होतात, म्हणजे १ ग्रॅम साखरेमागे जास्तीत जास्त ०.५११ ग्रॅम इथेनॉल, आणि १ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडाला की समजायचं १.०४७ ग्रॅम इथेनॉल तयार झालं. एअरलॉकसकट फ्लास्क दर बारा तासांनी वजन करायचा, करण्याआधी हळू गोल फिरवायचा म्हणजे विरघळलेला गॅस निघून जातो. यीस्ट नसलेल्या फ्लास्कचं वजन जेवढं घटेल तेवढं बाष्पीभवन म्हणून वजा करायचं. समजा १५० मिली रस, ११ टक्के साखर, म्हणजे १६.५ ग्रॅम. कागदावरचं कमाल इथेनॉल ८.४ ग्रॅम. वजन ६.९ ग्रॅमने घटलं, तर इथेनॉल ७.२ ग्रॅम, एफिशियन्सी साधारण ८५ टक्के, आणि रसात आकारमानाने सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. हा हिशेब इथेनॉल करणाऱ्या यीस्टखेरीज गॅस सोडणारं दुसरं कोणी नाही असं धरून आहे, म्हणून फ्लास्क आंबट वासाचा झाला किंवा पीएच ३.३ च्या खाली गेला तर तो आकडा धरू नका, तिथं बॅक्टेरिया घुसलेत.

साखरेसाठी सुरुवातीला आणि शेवटी डीएनएस (ग्लुकोजसारखी साखर रंगावरून मोजायची टेस्ट) करा. बोंडूच्या रसात ग्लुकोज-फ्रुक्टोज जास्त असल्यामुळे ते सरळ जमतं, मळीत सुक्रोज असतो तिथं आधी अ‍ॅसिडने फोडावा लागतो नाहीतर साखर कमी दिसते आणि एफिशियन्सी शंभरच्या वर जाते. शेवटचं ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटरवर घेऊन त्यालाच उरलेली साखर म्हणू नका, अल्कोहोल मिसळलं की रिफ्रॅक्टोमीटर जास्त दाखवतो, तिथं हायड्रोमीटर बरा आणि डीएनएस त्याहून बरा. इथेनॉल स्वतंत्रपणे पक्कं करायला डायक्रोमेट पद्धत आहे, केशरी रंगाचा हिरवा होतो तो ६०० नॅनोमीटरला वाचायचा, पण रसातली साखर पण डायक्रोमेटशी भिडते म्हणून कॉनवे युनिटमध्ये (दोन कप्प्यांच्या झाकणबंद डिशमध्ये) फक्त वाफ पोचेल असं करा. डायक्रोमेट कॅन्सरकारक आहे, ग्लोव्हज घाला आणि वाया गेलेलं सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा. शेवटच्या निवडक नमुन्यांसाठी जवळच्या एखाद्या संस्थेत जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफी) करून मिळालं तर उत्तमच, त्यात मिथेनॉलचा आकडा पण कळतो.

गाळणं कॉलेजच्या लॅबमध्ये मोजमापापुरतंच ठेवा. साध्या डिस्टिलेशनने काही केलं तरी वजनाने ९५.६ टक्क्यांच्या पुढं जाता येत नाही, तिथं पाणी आणि अल्कोहोल एकाच प्रमाणात उडतात. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल ९९ टक्क्यांच्या वर लागतं, उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने (पाणी शोषून घेणाऱ्या बारीक छिद्रांच्या मण्यांनी) काढतात, ते परवानाधारक डिस्टिलरीचंच काम आहे. आणि इथेनॉलची वाफ खोलीच्या तापमानाला पण पेट घेते, बर्नर पेटलेल्या टेबलावर ते करणं म्हणजे धोका ओढवून घेणं.

परवडेल का असं विचारतात, तर ढोबळ हिशेब असा. टनभर बोंडूतून साधारण ६५० लिटर रस, त्यात १० टक्के साखर धरली तर ६५ किलो, ८५ टक्के एफिशियन्सीने ३५ लिटरच्या आसपास इथेनॉल. उसाच्या टनामागे सत्तरेक लिटर निघतं. शिवाय बोंडू एका दिवसात खराब होतो आणि हंगाम तीन महिन्यांचा, त्यामुळे फक्त बोंडूवर कारखाना उभा राहणार नाही हे स्पष्ट आहे. पण ते यीस्ट मात्र बारा महिने वापरता येतं, मळीत, मक्यात, खराब धान्यात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं, म्हणजे ब्लेंडिंगचं, २०३० चं लक्ष्य केंद्राने २०२२ मध्ये २०२५-२६ वर आणलं, तेव्हापासून देशात इथेनॉलची मागणी केवढी वाढलीय ते सगळ्यांना दिसतंय, आणि उन्हात टिकणाऱ्या यीस्टची गरज मळीवाल्याला पण आहे आणि मक्यावाल्याला पण.

म्हणून सापडलेलं यीस्ट जपून ठेवणं हे प्रोजेक्टच्या रिपोर्टइतकंच महत्त्वाचं काम आहे. स्लँटवर (टेस्ट ट्यूबमधल्या तिरक्या अगरवर) ४ डिग्रीला ठेवलेलं दोन-तीन महिन्यांनी नव्या स्लँटवर घ्या, पण परत परत घेताना गुण उतरू शकतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यात २० टक्के ग्लिसरॉलमध्ये छोट्या व्हायल भरून उणे ८० ला, ते नसेल तर उणे २० ला टाका, आणि दोन वेगळ्या फ्रीजरमध्ये, कारण लाइट गेली की एकाच फ्रीजरवर विसंबलेलं सगळं जातं. व्हायलवर पेन्सिलने लिहा, मार्कर स्पिरिटने पुसला जातो. परीक्षा झाल्यावर कल्चर टाकून देऊ नका, विभागाच्या रजिस्टरला झाडाच्या माहितीसकट नोंदवा आणि खरंच ४० डिग्रीला चाललेलं काही असेल तर एनसीआयएमसारख्या कलेक्शनमध्ये जमा करायला गाइडना सांगा. पुढच्या बॅचला तिथून सुरुवात करता येईल आणि त्यांना परत बोंडू चुरडत बसावं लागणार नाही.